फोरट्रानच्या दारात सी

उर्दू शाळेत मराठी शिकवणारी बाई फोरट्रानवर काय लिहिणार, असं काही वाचकांना वाटेल. त्यांच्यासाठी एवढंच सांगते की बी.एड. करण्याआधी मी गणितात बी.एस्सी. केलं आणि आमच्या कॉलेजात तेव्हा फोरट्रान ७७ शिकवत असत. संगणक चार आणि मुलं साठ, त्यामुळे प्रोग्राम बहुतेक वेळा वहीतच लिहायचो. ओळीतले पहिले पाच रकाने क्रमांकासाठी, सहावा रकाना ‘आधीची ओळ इथे चालू आहे’ हे सांगण्यासाठी आणि खरा मजकूर सातव्यापासून बहात्तराव्या रकान्यापर्यंत. मैत्रिणी वैतागायच्या. मला मात्र ती शिस्त आवडायची. लहानपणी खुशखत शिकताना उस्ताद अक्षराची लांबी नुक्त्यांनी मोजायला लावत, तसंच काहीसं ते वाटायचं.

पुढे नोकरी लागली, आणि वीस वर्षं काळ, वचन, लिंग, घटक चाचण्या आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांत गेली. फोरट्रान कुठल्या तरी पेटीत पडून राहिलं. मग एका रात्री पुण्याहून भाचीचा फोन आला. ती मान्सूनच्या पावसावर संशोधन करते. ‘‘खाला, तुम्हाला फोरट्रान येतं ना? अम्मी सांगत होती.’’ (आम्ही घरात दखनीत बोलतो, इथे मराठीत लिहिते आहे.)

तिची अडचण अशी होती. हवामानाची मोठी प्रारूपं आजही बहुतांशी फोरट्रानमध्ये लिहिलेली आहेत. जगभर वापरलं जाणारं डब्ल्यूआरएफ हे प्रारूपही तसंच. भाची ज्यावर काम करते तेही फोरट्रानचं, आणि त्यात आजवर किती हातांनी लिहिलंय याचा हिशोब नाही. तिच्या गटातल्या कोणीतरी सी भाषेत एक फंक्शन लिहून ठेवलं होतं. रडारची फाइल उलगडायची आणि पावसाचे आकडे एका जाळीवर भरून द्यायचे, हे त्याचं काम. फंक्शन चांगलं होतं, तपासलेलंही होतं. आता फोरट्रानच्या प्रोग्रामने त्या सीच्या फंक्शनला बोलावून आकडे घ्यायचे होते. एका सीनियरने सल्ला दिला की हे म्हातारं फोरट्रान फेकून द्या आणि सगळं नव्या भाषेत लिहा. दुसऱ्याने सांगितलं की सीचं फंक्शनच फोरट्रानमध्ये उतरवून काढ. प्रबंध द्यायला तिच्याकडे सात महिने होते.

मला दोन्ही सल्ले पटले नाहीत. चालणारी, तपासलेली गोष्ट केवळ दुसऱ्या भाषेत आहे म्हणून पुन्हा लिहायची, हा हिशोब मला शाळेतही पटत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी या दोन भाषांविषयी. फोरट्रान १९५७ सालची. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने ती घडवली, ती इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांना आपली सूत्रं सूत्रांसारखी लिहिता यावीत म्हणून. सी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली, आणि तिचं मोठं काम होतं युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्याचं. एक आकड्यांच्या कोष्टकांत वाढली, दुसरी यंत्राच्या अंतर्भागात. दोघींच्या सवयी वेगळ्या असणारच.

पण तळाशी दोघींचं एकच होतं. कंपायलर दोघींचंही यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि प्रोसेसरला मूळ भाषा कोणती होती याच्याशी घेणंदेणं नसतं. फंक्शनला बोलावणं म्हणजे ठरलेल्या जागी माहिती ठेवायची, ते फंक्शन जिथे आहे त्या पत्त्यावर उडी मारायची आणि काम झालं की परत यायचं. सगळी मेख त्या ‘ठरलेल्या’ शब्दात आहे. एकाच भाषेत हे सगळं आपोआप ठरलेलं असतं. दोन भाषा आल्या की प्रत्येकीला वाटतं, आपण ठरवलेलं समोरच्यालाही ठाऊक आहे.

पहिली ठेच नावाचीच लागते. कंपायलर प्रत्येक फाइलचं वेगळं भाषांतर करतो, आणि मग लिंकर नावाचा प्रोग्राम सगळे तुकडे जोडतो. लिंकरला अर्थ कळत नाही, तो फक्त नावं जुळवतो. रोमन लिपीतल्या लहान आणि मोठ्या अक्षरांत फोरट्रान फरक करत नाही, सी करते. त्यामुळे फोरट्रानचे बरेचसे कंपायलर नाव आधी लहान अक्षरांत आणतात आणि वर त्याच्या शेपटीला एक अंडरस्कोर, म्हणजे खालची रेघ, जोडतात. तुम्ही ‘पाऊस’ला हाक मारलीत, तरी लिंकरकडे मागणी जाते ‘पाऊस_’ची. सीच्या बाजूला बसलेलं फंक्शन साधं ‘पाऊस’. लिंकर म्हणतो, असं कोणी इथे नाही. हा नियमही सगळीकडे एक नव्हता. जी ७७ हा जुना कंपायलर, नावात आधीच कुठे अंडरस्कोर असेल तर शेवटी दोन लावायचा. आयबीएमचा एक कंपायलर सहसा काहीच लावत नसे. क्रे संगणकांवर नाव मोठ्या अक्षरांत जायचं. म्हणून सीची मंडळी एकाच फंक्शनची तीन-चार नावं लिहून ठेवत, यातलं कुठलं तरी जुळेल या आशेवर.

भाचीने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, कारण हा लिंकर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आमच्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात तेव्हा तो दर वर्षी भेटतो. उर्दूत मुहम्मद लिहायची रीत एकच. मीम, हे, मीम, दाल. देवनागरीत आलं की त्याचे महंमद, मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद होतात. इंग्रजीत तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. आठवीतल्या एका मुलीचे पैसे दोन वर्षं अडकले, कारण तिच्या वडिलांच्या नावात एका कागदावर ‘शेख’ आधी होतं आणि दुसऱ्यावर शेवटी. वडील बिगारी. कार्यालयात दोन खेपा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. समोरच्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्यासमोर दोन नावं होती आणि ती जुळत नव्हती, एवढंच. माणूस एकच आहे हे कळणं हे त्याचं कामच नव्हतं.

तेव्हापासून मी दाखल्याच्या वेळी पालकांना समोर बसवते, त्यांचे कागद बघते आणि तिन्ही लिप्यांतलं नाव एकाच ओळीत लिहून सही घेते. फोरट्रानने हेच २००३ सालच्या प्रमाणात केलं. फंक्शनचं वर्णन करताना ‘बाइंड’ या शब्दासोबत सीचं नाव घालायचं आणि त्यापुढे अवतरणात तिकडचं नाव जसंच्या तसं लिहायचं. लहान-मोठी अक्षरंही तशीच राहतात आणि रेघ लागत नाही. कंपायलर कुठलाही असला तरी लिंकरकडे तेच नाव जातं. भाचीचं पहिलं दुखणं पाच मिनिटांत गेलं.

दुसरं इतक्या सहज जाणारं नव्हतं. फोरट्रान एखादी संख्या फंक्शनला देते तेव्हा साधारणपणे ती जिथे ठेवली आहे तिथला पत्ता देते. सी मात्र, वेगळं काही सांगितलं नाही तर, संख्येची प्रत मिळेल असं धरून चालते. शाळेच्या भाषेत सांगायचं तर फोरट्रान मूळ दाखला ज्या कपाटात आहे त्या कपाटाचा नंबर देते आणि सी झेरॉक्सची वाट बघत बसते. कपाटाचा नंबर हाच दाखला समजून वाचला की काय होईल? सीला भलताच आकडा मिळतो. उलट, सी पत्ता मागत असताना तुम्ही संख्या दिलीत, तर सी ती संख्याच पत्ता समजून स्मृतीच्या भलत्या कोपऱ्यात जाते आणि प्रोग्राम बहुधा जागीच कोसळतो. मला विचाराल तर कोसळणं बरं. निदान कळतं तरी.

पूर्वी यावर उपाय असा होता की सीचं फंक्शन लिहितानाच सगळी माहिती पत्त्याच्या रूपात घ्यायची. म्हणजे सीने फोरट्रानची सवय अंगीकारायची. आता फोरट्रानच्या बाजूने ‘व्हॅल्यू’ हा शब्द लिहिला की प्रत जाते, नाही लिहिला की पत्ता जातो. भाचीच्या फंक्शनमध्ये जाळीची लांबी-रुंदी प्रतीने जायची होती आणि जाळी स्वतः पत्त्याने, कारण सीने तिच्यात आकडे भरून द्यायचे होते. असं प्रत्येक गोष्टीपुढे लिहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण मराठीचं व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला कंटाळ्याचं भय दाखवू नये.

मग प्रकार. पूर्णांक म्हटला की दोघींकडे तो एकाच मापाचा असेलच असं नाही. म्हणून २००३ च्या प्रमाणाने ‘आयएसओ सी बाइंडिंग’ नावाचं एक मॉड्यूल दिलं. त्यात सीच्या पूर्णांकाचं माप, सीच्या दुप्पट अचूकतेच्या अपूर्णांकाचं माप, सीच्या अक्षराचं माप अशी नावं आहेत. ती वापरून सांगायचं की मला तिच्याच मापाचा पूर्णांक हवा. खरं-खोटंसुद्धा दोघी सारख्या रीतीने लिहितीलच असं नाही. काही फोरट्रान कंपायलर ‘खरं’ म्हणून १ ठेवतात, तर इंटेलचा जुना रिवाज उणे १ चा. त्यासाठीही मॉड्यूलमध्ये नाव आहे.

पण काही गोष्टींना दुसरीकडे जागाच नसते. सीमध्ये असा पूर्णांक असतो की जो कधीच ऋण नसतो. चिन्हाची जागा वाचते, म्हणून त्यात दुप्पट मोठ्या संख्या मावतात. फोरट्रानमध्ये हा प्रकार नव्हता. अशी मोठी संख्या फोरट्रानकडे गेली की ती तिला ऋण समजते. आमच्या मुलांचं नपुंसकलिंग हे अगदी असंच आहे. उर्दूत लिंगं दोनच. किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल म्हणतं ‘माझी पुस्तक हरवली’. मुलाला लिंगविचार कळत नाही असं म्हणणारे शिक्षक मी पाहिलेत. त्याला तो उत्तम कळतो. त्याच्या घरात दोनच खोल्या आहेत आणि आलेली वस्तू ते त्यांतल्या एकीत नेऊन ठेवतं. त्याला तिसरी खोली कुठे आहे ते दाखवावं लागतं, आणि ते एकदा सांगून भागत नाही. सात-आठ महिने शब्दागणिक सांगावं लागतं.

हे सगळं झालं आणि भाचीचा प्रोग्राम चालला. कसलीही तक्रार न करता चालला. तिने पावसाचा नकाशा काढून पाठवला, आणि मी तो बराच वेळ बघत बसले. कोकण किनाऱ्यालगत, घाटाच्या पश्चिमेला, वरून खाली उभा पडणारा तो गडद पट्टा, जो शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातही असतो, तो नकाशाच्या तळाशी आडवा पडला होता. आकडे सगळे खरे होते. पाऊस तेवढाच पडला होता, फक्त भलत्याच मुलखात.

कारण असं. दोन मितींचं कोष्टक स्मृतीत ठेवताना ते एका ओळीत पसरावं लागतं. हजेरीपत्रक डोळ्यांसमोर आणा. आडवी ओळ एका मुलाची, उभा रकाना एका तारखेचा. कोणी तोंडी वाचायला सांगितलं तर दोन रीती आहेत. एका मुलाच्या सगळ्या तारखा, मग दुसऱ्या मुलाच्या. किंवा एका तारखेची सगळी मुलं, मग दुसऱ्या तारखेची. सी पहिल्या रीतीने वाचते, फोरट्रान दुसऱ्या. ऐकणाऱ्याने दुसरीच रीत धरली तर शबानाची गैरहजेरी सलमाच्या नावावर जाते. भाचीची जाळी चौरस होती, लांबीला जितके घर तितकेच रुंदीला, त्यामुळे कुठे काही बाहेर सांडलं नाही. पश्चिमेची कड दक्षिणेची झाली आणि प्रोग्राम समाधानाने संपला. कोकणाचा पट्टा तिला आणि मला ओळखीचा होता म्हणून दिसलं. तिथे समुद्रावरच्या आर्द्रतेचे आकडे असते तर? ते उलटे आहेत की सुलटे, हे नकाशाकडे बघून कोणी सांगितलं असतं?

उपाय सोपा. सीच्या फंक्शनला हात लावायचा नाही. फोरट्रानच्या बाजूला जाळीचं वर्णन करताना मापांचा क्रम उलटा लिहायचा, आणि प्रारूपाला हवी तशी जाळी नंतर ‘ट्रान्सपोज’ने फिरवून घ्यायची. शिवाय सीची मोजणी ० पासून सुरू होते, फोरट्रानची, दुसरं काही सांगितलं नाही तर, १ पासून. सीच्या फंक्शनला तिसरं घर हवं असेल तर फोरट्रानने २ पाठवायला हवेत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर १ पासून मोजणारी भाषा शहाणी. आमच्या शाळेत शून्य नंबरचं बाक नाही.

शेवटी राहिला मजकूर. रडारच्या फाइलचं नाव सीला द्यायचं होतं, आणि इथे मी फोनवर जवळजवळ तासभर बोलले, कारण माझ्या विषयाच्या हे सगळ्यात जवळ होतं.

सीमध्ये मजकूर कुठे संपतो? शेवटच्या अक्षरानंतर एक शून्य ठेवलेलं असतं, तिथे. ते दिसेपर्यंत सी वाचत राहते. फोरट्रानमध्ये असलं शून्य नसतं. तिथे मजकुराला आधीच ठरलेली जागा असते, समजा ८० अक्षरांची, आणि नाव लहान असलं तर उरलेली जागा कोऱ्या अक्षरांनी भरते. मग फोरट्रानच्या फंक्शनला लांबी कशी कळते? बहुतेक कंपायलर ती सगळ्या माहितीच्या शेवटी, गुपचूप, न सांगता पाठवून देतात. प्रोग्राममध्ये ती कुठे लिहिलेली नसते. लिहिणाऱ्याला दिसत नाही, पण जाते.

न लिहिलेलं पण असलेलं, हे उर्दू वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या लिपीत जेर, जबर, पेश, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, सहसा लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याला शब्द ठाऊक आहे असं धरलेलं असतं. म्हणून आमचं मूल मराठी लिहिताना ‘किनारा’चा ‘कनारा’ करतं. त्याच्या मते इकार तिथे आहेच, लिहायचा कशाला? पण मराठीही काही कमी नाही. ‘जग’ लिहिलंय. हे दुनिया या अर्थाचं जग, की ‘जगणे’ या क्रियापदातलं जग? दोन्हींतला ‘ज’ वेगळा उच्चारायचा आणि लिपीत फरक शून्य. मुलं मला विचारतात, ‘‘बाई, हा जीम आहे की जे?’’ मराठी घरातल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही, कारण ते त्याने ऐकलेलं असतं. प्रत्येक भाषेच्या खिशात अशी एक लपलेली लांबी असते, आणि ज्याची मातृभाषा ती असते त्यालाच ती दिसत नाही.

गुपचूप चाललेल्या अशा व्यवहाराचं काय होतं याचा खरा दाखला २०१९ मधला आहे. तो उलट दिशेचा, म्हणजे सीमधून फोरट्रानला बोलावण्याचा आहे, पण दुखणं हेच. लापॅक हा रेषीय बीजगणिताचा फोरट्रानमधला मोठा संग्रह, आणि जगातले असंख्य प्रोग्राम त्याला सीमधून हाका मारतात. त्यातल्या कितीतरी फंक्शनना एखाद-दुसरं अक्षर द्यावं लागतं, वरचा त्रिकोण हवा की खालचा वगैरे सांगण्यासाठी. अक्षर एकच, म्हणजे लांबी १. ती लपलेली लांबी अनेकांनी कधी पाठवलीच नाही, आणि वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. मग जीएनयूच्या फोरट्रान कंपायलरच्या नव्या आवृत्त्या वेग वाढवण्यासाठी ती जागा पुन्हा वापरू लागल्या. लांबी तिथे आहे असं धरून तिच्यावर लिहू लागल्या. लांबी नव्हतीच, तिथे दुसऱ्याच कोणाचं सामान होतं. संख्याशास्त्रासाठी वापरतात ती ‘आर’ प्रणाली सांभाळणाऱ्यांना हे त्या वर्षी निस्तरावं लागलं. आरमधल्या हाकांत लांबी पाठवण्याची सोय करावी लागली आणि कंपायलरलाही जुन्या प्रोग्रामांसाठी एक पळवाट ठेवावी लागली. ज्यांनी लांबी पाठवली नव्हती त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं चाललं होतं की! चाललं होतं, हे खरंच आहे.

‘बाइंड सी’ लिहिलं की असा साधा मजकूर देताना ती गुपचूप लांबी जात नाही. भाचीने फाइलच्या नावाच्या मागची कोरी अक्षरं ‘ट्रिम’ने कापली आणि शेवटी सीचं शून्य स्वतःच्या हाताने जोडलं. त्यासाठीही मॉड्यूलमध्ये नाव दिलेलं आहे.

आता ते शाळेचं, पुढे लिहिते म्हटलं होतं ते. आमच्याकडे दर वर्षी प्रवेशाच्या वेळी कोणी ना कोणी समजूतदार माणूस सांगतो की मुलांना उर्दूत शिकवून तुम्ही मागे ठेवता, सरळ मराठी किंवा इंग्रजीत घाला. यात आपलेच लोक जास्त असतात. त्यांची काळजी खोटी नाही. अकरावीला आमची मुलं दुसऱ्या कॉलेजात जातात तेव्हा अडखळतात, मी पाहिलंय. पण ती कशाला अडखळतात हेही पाहिलंय. विज्ञान त्यांना येतं, गणित येतं. ती अडखळतात इकारापाशी, नपुंसकलिंगापाशी, ‘ज’पाशी, तक्त्यावरचं नाव न जुळण्यापाशी. म्हणजे दारापाशी. त्यासाठी दहा वर्षांची चालती तालीम मोडून नव्याने लिहायला निघणं म्हणजे त्या सीनियरचा सल्ला. या जागा मोजक्या आहेत, त्यांची यादी होऊ शकते, आणि ती मुलांच्या हातात पाचवीतच देता येते. मी तशी देते. त्या यादीला आमच्या वर्गात ‘दरवाजा’ म्हणतात. नाव मुलांनीच ठेवलं.

एक गोष्ट मात्र भाचीला मुद्दाम सांगितली. फोरट्रानच्या बाजूला लिहिलेलं ते वर्णन, ज्याला इंटरफेस म्हणतात, ते कंपायलर तिच्या हाकेशी ताडून बघतो. चुकीचा प्रकार दिला तर लगेच अडवतो. पण सीच्या फाइलशी तो ते ताडून बघत नाही, त्याला ती दिसतच नाही. म्हणजे या करारावर सही एकाच बाजूची आहे. उद्या कोणी सीच्या फंक्शनमध्ये एक गोष्ट वाढवली आणि इकडे कळवलं नाही, तर नाव जुळेल, लिंकर खूश होईल आणि आकडे पुन्हा भटकतील.

म्हणून तिने एक छोटी चाचणी लिहिली. चौरस नसलेली जाळी, २ गुणिले ३ ची. घरांत आकडे ११, १२, १३, २१, २२, २३. दहावं स्थान ओळीचं, एकं रकान्याचं. सीने भरायचे आणि फोरट्रानने वाचून दाखवायचे. १२ च्या जागी २१ आलं तर काय झालंय ते वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय एक ऋण संख्या, एक अपूर्णांक आणि मधोमध कोरी जागा असलेलं एक फाइलचं नाव. कोणीही कुठल्याही बाजूला काही बदललं की आधी ही चाचणी चालवायची, असं तिने मॉड्यूलच्या माथ्यावर लिहून ठेवलंय. इंग्रजीत आणि खाली मराठीतही.

नकाशावर कोकणाचा पट्टा आता उभा आहे. गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. सीचं फंक्शन लिहिणाऱ्या त्या गटाला आता फोरट्रानमधलं बाष्पाचं गणित सीमधून बोलवायचंय. तेही याच ‘बाइंड’ने होतं, शब्द फक्त फोरट्रानच्या फंक्शनवरच लिहायचा. ‘‘खाला, या वेळी चाचणी मी आधीच लिहिली,’’ ती म्हणाली, आणि तिकडे कोणीतरी चहाला हाक मारली म्हणून फोन ठेवला.